शेरा

अमळनेर स्टँडवर एकतीस वर्षं
मी गाड्या लिहिल्या:
चोपडा, पारोळा, धुळे, शिरपूर मुक्कामी.
आली किती वाजता, सुटली किती वाजता,
शेवटचा रकाना शेऱ्याचा.
तसलीच एक वही घरी आहे,
रद्दीत निघालेली, मागची पानं कोरी.
तिच्यात हिरकणची झोप लिहितो.
ड्रायव्हर लोक विचारायचे, साहेब,
तुमची हिरकणी वेळेवर आहे ना?
मी म्हणायचो, लेट आहे.

चार तासांच्या खाली, सलग दोन रात्री,
म्हणजे धुळ्याच्या डॉक्टरांना फोन.
हे आता कळतं.

तेव्हा चैत्र होता.
रात्री दोनला जाग आली ती धुरानं.
गच्चीवर चूल, खापर तापलेलं,
पुरणाचं पातेलं एवढं की आत पोर बसावं,
आणि मांडे,
हातावर झेलत, कोपरापर्यंत पसरवत,
पलीकडची चांदणी दिसावी इतके पातळ.
मी मोजले. एक्केचाळीस.
घरात माणसं दोन.
ती बोलत होती, गात होती,
लग्नात मी घड्याळासाठी रुसलो होतो
त्यावर आत्ता हसत होती.
चार दिवस झोप नाही
आणि दिसत होती वीस वर्षांची.
खरं सांगू? मी खाल्ले.
चार खाल्ले.
तसा मांडा पुन्हा खाल्लेला नाही,
आणि हे डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही.

आठवड्यात साड्या आल्या, अकरा, उधारीवर.
पोतीची एक वाटी
भरवसच्या कुठल्याशा पोरीला देऊन आली,
म्हणे तिचं लग्न अडलंय.
दुकानदारानं नऊ साड्या परत घेतल्या,
दोनांवर हळद सांडली होती.
तिचा भाऊ म्हणाला, बाहेरचं आहे, भगताकडे न्या.
वच्छीबाईनं सहा मांडे खाल्ले होते,
आमची चाहूल लागली की
दार आधी तिचंच लागायचं.

मग भिंत.
पोळा आला, गेला,
तिचं तोंड भिंतीकडेच.
केस मी विंचरायचो.
भांग वाकडा निघायचा.
पुढे मुद्दाम वाकडा काढायला लागलो,
एकदा तरी चिडून म्हणेल, नीट काढा.
नाही म्हणाली.

आता दर तीन महिन्यांनी रक्त.
सकाळची गोळी न घेता सहा-दहाची धुळे धरायची.
खिडकी तिची, डबा माझ्या मांडीवर.
मे महिन्यात पारा पंचेचाळीसला गेला
की माझ्याच पोटात गोळा येतो.
अंगातलं पाणी घामावाटे गेलं
की औषध रक्तात चढतं, डॉक्टर म्हणाले.
म्हणून तांब्या. सारखा तांब्या.
"माले म्हैस समजतस का?"
पिते मात्र.

यंदा आखाजीला खापर तिनंच काढलं.
गोळ्यांनी हात थरथरतो,
बशीत कप वाजतो तिच्या.
पहिला मांडा मनगटापाशी फाटला.
दुसरा कोपराजवळ.
तिसरा खापरावर पडला तो
कुठल्यातरी तालुक्याच्या नकाशासारखा.
ती हाताकडे बघत राहिली,
जणू हात शेजारणीचा.
"गोळी सोडू का? एकच दिन."

एकतीस वर्षं लोकांना सांगितलं,
येईल गाडी, थांबा, येईल.
तिला काय सांगावं सुचेना.
"नको," एवढंच म्हणालो,
आणि त्या एक्केचाळिसांची चव
माझ्याच जिभेवर आली, चोरासारखी.
तुकडे गोळा केले, रसात बुडवले,
दोघांनी एकाच ताटात खाल्ले.
ती म्हणाली, वेलची कमी पडली.

रात्री वही उघडली.
झोपली: दहा वीस.
शेरा: मांडे तीन, फाटले, संपले.
पेनचं टोपण लावतोय
तोच अंधारातून आवाज,
"आनि तुमनी झोप कोन लिखस?"

मला दहा वीस खोडावं लागलं.